जकातीची लेखणी आणि कापसाचा भाव

परक्या बाजारपेठेत विकायला आलेल्या मालाची किंमत मागणी-पुरवठ्याने ठरते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात ती एक बेरीज-वजाबाकी असते. उत्पादनखर्चातून निर्यातदार देशाने दिलेले अनुदान वजा होते. त्यात जहाजभाडे, विमा आणि चलनाच्या विनिमय दरातील चढउतार मिळतात. अखेरीस बंदरावर जकात बसते. यांपैकी जकात तेवढी आयात करणाऱ्या देशाच्या सरकारच्या सर्वस्वी हाती असते. म्हणूनच जकातीच्या प्रत्येक फेरबदलात हित कोणाचे जपले गेले आणि भुर्दंड कोणावर पडला, हे तपासणे अगत्याचे ठरते.

मुंबईच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या तेव्हा हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरील पाच टक्के जकातही लँकेशायरच्या मालकांना खुपू लागली. १८७९ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात माफ केली. १८८२ साली उरलेलीही गेली. पुढे तिजोरीत खडखडाट झाल्यामुळे १८९४ साली ती पुन्हा बसवणे भाग पडले. परंतु १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लादण्यात आला. जकातीमुळे देशी मालाला मिळू शकणारा लाभ अशा रीतीने पुसून टाकण्यात आला. साम्राज्याच्या परिभाषेत याचे नाव मुक्त व्यापार असे होते.

या धोरणाचा भुर्दंड अखेर कोणावर पडला? पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढली, तेव्हा मुंबईच्या मालकांनी सरकारकडे अबकारी रद्द करण्याची मागणी केली. आणि १९२५ साली मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर करून आपला तोटा कामगारांच्या माथी मारला. सप्टेंबरात लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. अडीच महिने त्यांनी उपासमार सोसली. संप चालू असतानाच, डिसेंबरच्या आरंभी, सरकारने अबकारी तहकूब केला आणि मालकांना कपात मागे घ्यावी लागली. तीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे साधले नव्हते, ते संघटित श्रमिकांच्या निर्धाराने साधले.

शंभर वर्षांनंतर बंदरावरचा माल बदलला. कापडाच्या जागी रुईच्या गाठी आल्या. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने आयात कापसावरील अकरा टक्के जकात उठविली. ३० सप्टेंबरची मुदत लगोलग ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर पन्नास टक्के कर लादल्याने वस्त्रोद्योग अडचणीत आला होता आणि ही अडचण खरी होती, यात शंका नाही. पण सवलतीसाठी निवडलेला काळ हा नेमका विदर्भ-मराठवाड्यातील वेचणीचा काळ होता. शिवाय अमेरिकेहून येणाऱ्या रुईच्या पाठीशी तेथील तिजोरी उभी आहे. या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि निकाल आपल्या बाजूने मिळविला. २०१४ साली अमेरिकेने तीस कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटविले. अनुदाने मात्र नव्या रूपात चालूच राहिली.

हमीभाव आहे, मग चिंता कसली, असे सत्ताधारी विचारतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. परंतु तो मिळतो कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर. तेथे आधी मोबाइलवरून नोंदणी करावी लागते आणि बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस परत पाठविला जातो. ज्याला दिवाळीपूर्वी सावकाराचे आणि कृषिसेवा केंद्राचे देणे भागवायचे असते, तो शेतकरी दारात आलेल्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो. हा व्यापारी भाव सांगताना परदेशी गाठ गिरणीत कितीला पडते, हे पाहूनच सांगतो.

वस्त्रोद्योगाला मदत अवश्य द्यावी. पण ती सरकारी तिजोरीतून, उघडपणे आणि कामगारांच्या नोकऱ्या व मजुरी राखण्याच्या अटीवर द्यावी. जकात उठवून दिलेली मदत अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाही; तिची वसुली कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओट्यावर होते. वेचणीच्या हंगामात जकातीला हात लावू नये, ही मागणी गिरणी कामगारांच्या संघटनांनी शेतकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून केली पाहिजे. १९२५ साली मालकाचा तोटा कामगाराच्या मजुरीतून भरून काढण्याचा डाव होता. २०२५ साली तो शेतकऱ्याच्या कापसातून भरून काढण्यात आला. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांचा हिशेब एकत्र बसून तपासला, तरच तो मोडता येईल.