अंगण कधी कधी खरेच वाकडे असते

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती आपल्यालाच उद्देशून ऐकवली गेली आहे! काम जमले नाही आणि आपण हत्याराला दोष दिला, की वडीलधारी माणसे लगेच ही म्हण तोंडावर फेकत. म्हण खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. पण वाचकहो, अंगण कधी कधी खरेच वाकडे असते, आणि ते सरळ करून दिले की तोच माणूस नाचायला लागतो, हेही तितकेच खरे आहे. आज याच विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. निमित्त आहे एका बेस गिटारचे.

आपल्या वऱ्हाडात गावोगाव गायन पार्ट्या आहेत. एप्रिल महिना लागला की त्यांना उसंत नसते. आज अकोला, उद्या मूर्तिजापूर, परवा दर्यापूर. ही परंपरा फार जुनी. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ढोलकी, तुणतुणे आणि पेटीच्या साथीने बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) तर उभे आयुष्य गाण्यासाठी वाहिले. काळाबरोबर वाद्ये बदलत गेली. की-बोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, आणि काही पार्ट्यांत बेस गिटारही आली.

बेस गिटार म्हणजे काय, हे आमच्या काही भगिनी विचारतील. दिसायला गिटारसारखीच, पण दांडा लांब आणि तारा बहुधा चारच, त्याही जाड. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली आपली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि तेथून हे वाद्य जगभर पसरले. त्यापूर्वी असा खर्ज माणसाएवढ्या उंच वाद्यावर उभे राहून काढावा लागे, आणि तो इतर वाद्यांच्या गलक्यात बुडून जाई. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकपणा. दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवल्यामुळे सूर नेमका लागू लागला, म्हणून हे नाव. या वाद्याचे काम घराच्या पायासारखे आहे. गाणे चालू असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण ते थांबले की गाणे एकदम हलके, पोकळ वाटायला लागते.

आमच्या ओळखीचे अकोल्याचे एक गृहस्थ अशाच एका पार्टीत वीस वर्षे बेस वाजवीत. एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरी, आणि सुटी मिळाली की कार्यक्रम. पुढे पुढे त्यांचे वाजवणे कमी झाले. जयंतीपुरती गिटार खाली निघायची, आणि मे महिन्यात परत कपाटावर जायची. सराव नाही, नवे गाणे बसवणे नाही. लोक म्हणाले, वय झाले. घरच्यांना वाटले, आवड संपली. त्यांना स्वतःलाही तसेच वाटू लागले होते. आम्ही एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "वाटते ना भाऊ वाजवावं, पन हातच नाही जात तिकडं."

त्यांची मुलगी अमरावतीला परिचारिका आहे. तिच्या मनात मात्र वडिलांचे हे वाक्य राहून गेले. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून तिने एक नवी बेस गिटार घेतली आणि एका रविवारी बडनेऱ्याहून गाडीत बसून ती अकोल्याला घेऊन आली. आई आधी रागावलीच. "कायले पैसे घातले वं त्या लाकडात? बाबाचं आता वय आहे का?" असे तिचे बोल. पण त्या रात्री जेवणानंतर जे वाजवणे सुरू झाले ते साडेअकरापर्यंत थांबले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात पार्टीच्या ढोलकीवाल्याला निरोप गेला, आणि दोन वर्षे अर्धवट राहिलेली दोन गाणी पंधरा दिवसांत बसली!

आता यात जादू काय आहे? आम्ही थोडे खोलात जाऊन पाहिले. जुन्या गिटारचा दांडा वाकला होता. लाकूड हवेप्रमाणे हलते, आणि आपल्या वऱ्हाडची हवा तर ठाऊकच आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि जुलैत भिंतींना ओल येते. दांडा वाकला की तारा पट्ट्यांपासून वर उचलल्या जातात. मग तोच सूर काढायला बोटाला दुप्पट जोर लावावा लागतो, आणि अर्ध्या तासात मनगट भरून येते. शिवाय तारांच्या वेढ्यांत घाम आणि मळ साचून आवाज बसला होता. म्हणजे माणूस वाद्य वाजवीत नव्हता, वाद्याशी झुंजत होता. शरीर मोठे शहाणे असते. जेथे त्रास होतो तेथून ते हात हळूच काढून घेते, आणि आपण समजतो की आवड संपली.

नव्या वाद्याने आवड आणली नाही. ती होतीच. नव्या वाद्याने मधला अडसर तेवढा दूर केला. शिवाय नव्या वस्तूचे एक कुतूहल असते, ते वेगळेच. तोच सूर नव्या लाकडातून निराळा ऐकू येतो, आणि जुन्याच गाण्यात आपण पुन्हा काहीतरी शोधायला लागतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोणीतरी आपल्या वाजवण्याची किंमत केली, ही जाणीव. मुलीने पैसे लाकडात घातले नव्हते, ते बापाच्या हातात घातले होते.

वयाचे म्हणाल, तर बाबासाहेबांकडे पाहावे. राजकारण, ग्रंथलेखन आणि खालावत चाललेली प्रकृती, एवढा व्याप असताना आयुष्याच्या उत्तरार्धात ते व्हायोलिन शिकत होते. त्यांचे व्हायोलिन पुण्यात सिम्बायोसिस संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. पन्नाशीनंतर शिकून काय करायचे, असा प्रश्न त्या महामानवाला पडला नाही. मग आपल्याला का पडावा?

कोणी म्हणतील, आपल्या अमरावती जिल्ह्याच्या मातीतले गाडगेबाबा पाहा. त्यांच्या कीर्तनाला वाद्यांचा थाट लागला नाही. तुकडोजी महाराजांनी तर एका खंजिरीवर अफाट जनसमुदाय जागवला. महागड्या वाद्याची गरजच काय? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि त्याचे उत्तरही खंजिरीतच आहे. पावसाळी हवेत खंजिरीचे कातडे सैल पडते, आणि वाजवणारा ते आगीवर शेकून ताठ केल्याशिवाय हाती घेत नाही. वाद्य साधे असावे, स्वस्त असावे, पण ते वाजणारे असावे. साधेपणा वेगळा आणि हेळसांड वेगळी.

या हकिगतीचा पुढचा भाग आम्हांला जास्त मोलाचा वाटतो. नवी गिटार आल्यावर जुनीचे काय करायचे, असा प्रश्न निघाला. भंगारात देण्यापूर्वी ती एका जाणत्या कारागिराला दाखवली. दांड्याच्या आत एक लोखंडी सळई असते, ती पिळून वाकलेला दांडा बऱ्यापैकी सरळ करता येतो. त्याने तो केला, नव्या तारा चढवल्या, आणि वाद्य पुन्हा बोलू लागले. खर्च नव्या गिटारच्या मानाने अगदी थोडा. आज ती शेजारच्या नववीतल्या एका मुलीच्या हाती आहे. आपल्या पार्ट्यांत मुली कोरसला उभ्या राहतात, पण वाद्ये बहुधा मुलांकडेच असतात. त्या मुलीला काका आठवड्यातून दोन दिवस शिकवतात. तिच्या बोटांना फोड आले तेव्हा तिच्या आजीने विचारले, "दुखते तं कायले वाजवतं वं?" मुलगी म्हणाली, "आजी, आता आवाज येते ना."

मात्र एक सांगितले पाहिजे. नवेपणाची भर फार दिवस टिकत नाही. दोन-तीन महिन्यांत नवी गिटार घरातली होते आणि उत्साहाला ओहोटी लागते. आमच्या या गृहस्थांचेही तसेच झाले. पण तोपर्यंत त्या मुलीचे दोन दिवस ठरून गेले होते. शिष्या दारात येऊन उभी राहिली की गुरूला 'आज नको' म्हणता येत नाही! उत्साह आणून देण्याचे काम नवे वाद्य करते. तो टिकवण्याचे काम ठरलेली वेळ आणि सोबतीची माणसे करतात. म्हणून नवेपणाचे पहिले दोन महिने वाया घालवू नयेत. त्याच दिवसांत सराव अंगी लावून घ्यावा.

तेव्हा समाजबांधवांना आणि भगिनींना आमची काही विनंती आहे. आपल्या विहाराच्या कपाटात पेटी असेल, तर या आठवड्यात ती बाहेर काढा. भात्यातून हवा गळते का, पट्ट्या अडकतात का, सूर बसले आहेत का, ते पाहा. ढोलकीचे पान ढिले असेल तर जाणकाराकडे न्या. गिटारच्या तारा गंजल्या असतील तर बदला. वाद्य टिनाच्या छपराखाली, कपाटावर ठेवू नका, उन्हाने ते खराब होते. शक्य असेल तर हाताशी, डोळ्यांसमोर ठेवा. जे दिसते त्याकडे हात जातो. वाद्य दुरुस्त होण्यासारखे नसेल, तरच वर्गणी काढून नवे घ्या, आणि घेताना जो वाजवणार आहे त्यालाच सोबत न्या. जयंतीच्या आठ दिवस आधी धावपळ करण्यापेक्षा वर्षावासाचे तीन महिने यासाठी उत्तम. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी विहारात माणसे जमतातच. ग्रंथवाचनानंतर अर्धा तास मुलांना आणि मुलींना वाद्य हाताळू द्या. मोडेल म्हणून कुलपात ठेवलेले वाद्य कुलपातच मरते.

आणि घरात कोणी पूर्वी वाजवीत असे, गात असे, शिवत असे, चित्रे काढीत असे आणि आता करीत नसेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा त्याची पेटी, त्याची मशीन, त्याचा कुंचला उघडून पाहा. अंगण वाकडे असेल तर ते सरळ करणे आपल्या हाती आहे.

जयभीम!