मुलांच्या छातीतील धडधड

खेळता खेळता मूल एकाएकी थांबते, छातीवर हात ठेवते आणि "आई, इथे उडतंय," म्हणते. थोड्या वेळाने पुन्हा खेळू लागते. घरात कुणी दृष्ट काढते, कुणी शाळा चुकवण्याचे निमित्त म्हणून रागावते. डॉक्टरांकडे नेईपर्यंत नाडी पूर्ववत झालेली असते.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत्संदेश नेणारी वाट एकच असते. काही मुलांत जन्मतःच एक जादा तंतू राहून जातो. संदेश एका वाटेने उतरतो, दुसरीने चढतो आणि गोल फिरत राहतो. मग नाडी मिनिटाला २०० च्याही वर जाते. या विकाराच्या एका प्रकाराचे वर्णन १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या डॉक्टरांनी केले. त्यांचेच नाव त्याला मिळाले.

पूर्वी यावर वर्षानुवर्षे गोळ्या किंवा छाती उघडून शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओ लहरींचा उपचार आला. मुलाला भूल देऊन जांघेतील शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेतात, जादा तंतूची जागा शोधतात आणि कॅथेटरच्या टोकाच्या उष्णतेने तेवढाच ठिपका निकामी करतात. छातीवर टाका पडत नाही. दहापैकी नऊहून अधिक मुलांत उपचार यशस्वी होतो. क्वचित विकार उलटतो व पुन्हा उपचार करावा लागतो.

जोखीम आहे ती मुख्य वाटेला इजा होण्याची. तसे झाल्यास पेसमेकर बसवावा लागू शकतो. म्हणून तंतू त्या वाटेच्या अगदी जवळ असेल तर डॉक्टर पुष्कळदा तापवण्याऐवजी गोठवतात. आधी थोडेच गोठवून पाहता येते. धोका दिसला की थांबता येते.

तान्ह्या बाळांत मात्र घाई करीत नाहीत. पुष्कळ बाळांचा विकार वर्षभरात आपोआप शमतो. त्यामुळे वजन साधारण १५ किलो होईपर्यंत शक्यतो औषधांवर भागवतात.

पालकांनी काय करावे? धडधड सुरू होताच घड्याळ लावून ठोके मोजावेत, वेळ लिहून ठेवावी. ठोके मोजता न येण्याइतके जलद असतील, तर तीही नोंद महत्त्वाची. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर निदान सोपे होते. बाळ दूध ओढेनासे झाले, फिकट पडले, त्याला घाम फुटला किंवा मोठे मूल बेशुद्ध पडले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.