खारेपणाचं कूळ

आमच्या गावाचं नाव समुद्रपूर, पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. अर्थात खाऱ्या पाण्याला समुद्र लागतोच असं नाही. आपल्या विदर्भातच लोणारचं सरोवर आहे आणि अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं, तेव्हा त्याचे फोटो घरोघरी पोचले. खारपाणपट्ट्यातलं पाणी मात्र दिसायला साधंच, त्यामुळे त्याचा फोटो कोणी काढत नाही.

खारेपणालाही कूळ असतं, हे मला इथे सांगायचं आहे. पावसाचं पाणी मुळात किंचित आम्ल असतं. काळा पाषाण झिजवताना ते आम्ल खर्ची पडतं आणि दगडातले क्षार पाण्यात उतरतात. लोणारच्या विवरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते फक्त उन्हाने आटतं. आटताना कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतं, मागे राहतात सोडा आणि मीठ. म्हणून लोणारचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास.

याच्या अगदी उलट पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथे अशी खारी तळी आहेत की त्यांचा सामू चारच्याही खाली. पाणी समुद्रासारखं खारट आणि लिंबाच्या रसासारखं आंबट! तिथली जमीन कोट्यवधी वर्षं धुपून निघालेली, चुना जवळजवळ उरलेला नाही. भूजलातलं लोह हवेशी भेटलं की आम्ल तयार होतं, आणि ते मारायला काहीच नसतं. आपल्याकडे काळ्या रानातला चुनखडीचा खडा घ्या, लिंबू पिळा, लगेच फसफसतो. आपलं पाणी आंबट का होत नाही, याचं उत्तर त्या फेसात आहे.

पण ऑस्ट्रेलियाची पुढची गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी आहे. गव्हासाठी तिथे मैलोन् मैल खोल मुळांची झाडं तोडली. झाडं पाणी ओढेनाशी झाली, भूजल वर चढलं आणि खाली निजलेला क्षार शेतात आला. सुपीक जमिनी पांढऱ्या पडल्या.

खारपाणपट्ट्यातही क्षार जमिनीखालीच आहे. सोडियममुळे तिथली चिकण माती फुगते, पाणी मुरत नाही. म्हणून बोअर आणखी खोल मारणं हा इलाज नव्हे. बऱ्याच ठिकाणी खाली जावं तसं पाणी जास्त खारं लागतं. पावसाचं पाणी शेततळ्यात धरणं, मातीला जिप्सम देणं, हे त्या मातीच्या स्वभावाला धरून आहे. पूर्णेवरच्या जिगावसारख्या प्रकल्पांतून कालव्याचं पाणी जरूर यावं, पण त्याआधी निचऱ्याचे चर खणलेले असावेत. पाणी आणायला पैसा मिळतो, काढून द्यायला मिळत नाही, ही आपली जुनी खोड. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या क्षारपड जमिनी पाहिल्या तर हे कोणालाही पटेल.

सोयरीक जुळवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. पाणी शेतात आणताना निदान खालच्या मातीची तरी करावी.

असो. तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी कसं आहे, जरूर कळवा.