आसनाआधीचे नेम

आज २१ जून, आंतरराष्ट्रीय योग दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये या दिवसाचा ठराव केला आणि २०१५ पासून मैदाने, शाळा, कचेऱ्या या सकाळी सतरंज्यांनी भरू लागल्या. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. वर्षातून एकदा का होईना, पाठीला ताण मिळतो. मात्र ज्या पतंजलींचे नाव आज व्यासपीठावरून घेतले जाते, त्यांनी सुमारे दोनशे सूत्रांपैकी आसनाला जेमतेम तीन दिली. अष्टांगांत आसन तिसरे. त्याआधी यम आणि नियम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान या पाच नियमांना आजच्या कार्यक्रमात जागा नसते. त्यांचा फोटो निघत नाही ना!

शौच म्हणजे निव्वळ आंघोळ नव्हे. त्याच्या फळांत पतंजली मनाची प्रसन्नता आणि एकाग्रता सांगतात, आणि स्वतःला पाहण्याची पात्रताही.

मराठी घरांना ही वाट नवी नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि कार्तिकीपर्यंत एखादा नेम धरला जातो. कुणी कांदा-लसूण सोडतो (आदल्या कांदेनवमीला भज्यांचा फडशा पाडून), कुणी एकभुक्त राहतो, कुणी रोज पोथीचा अध्याय वाचतो, कुणी मौनाने जेवतो. यातला शेवटचा नेम आम्हाला सर्वांत अवघड वाटतो. कांदा सोडला तर जिभेला कळते. बोलणे सोडले की आपण कसे आहोत ते कळते. दुसऱ्याचे वाक्य तोडायला मन किती उतावीळ असते, भाजीला नाव ठेवल्याशिवाय घास कसा उतरत नाही, हात मोबाइलकडे कसा जातो, हे सारे ताटावर बसल्या बसल्या दिसते. तप आणि स्वाध्याय तिथे एकत्र येतात, संतोषाचीही परीक्षा होते. नेम मोडला तरी बिघडत नाही. कुठे मोडला, कशाने मोडला, हे पाहणे हाच अभ्यास.

अडचण एकच: नेमाचा अहंकार. ‘मी चार महिने पाळले’ हे चारचौघांत सांगू लागलो की पाळलेले वाया गेले. ईश्वरप्रणिधान, म्हणजे केलेले ईश्वरार्पण करून मोकळे होणे, यादीत शेवटी का आहे हे अशा वेळी उमगते. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याने निदान श्रेय तरी सोडून पाहावे.

तेव्हा वाचकहो, आज आसने जरूर करा. येत्या आषाढीला मात्र एक नेम धरा, आणि तो कोणता हे कुणालाही सांगू नका.