एक मुख, नऊ वह्या

खामगावास आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरी गेल्या पंधरवड्यात दोन दिवस राहण्याचा योग आला. कुटुंब एकत्र असून पणजीपासून पणतवापर्यंत चार पिढ्या एका छपराखाली नांदत आहेत. त्यांच्या थोरल्या सूनबाई दंतवैद्यकाच्या पदवीधर आहेत. पाच वर्षांचा बीडीएसचा अभ्यासक्रम पुरा करून आता त्या एमडीएसच्या प्रवेशपरीक्षेस बसणार आहेत. माजघरातील एका फळीवर त्यांच्या नऊ जाडजूड वह्या ओळीने मांडलेल्या आम्ही पाहिल्या. एमडीएसच्या शाखा नऊ, म्हणून वह्याही नऊ!

या परीक्षेचे स्वरूप वाचकांस ठाऊक असणे बरे. एम्ससारख्या काही संस्था वगळल्या, तर २०१७ च्या प्रवेशापासून सर्व देशाकरिता नीट-एमडीएस ही एकच परीक्षा आहे. गेल्या काही वर्षांच्या पद्धतीप्रमाणे तीन तासांत २४० प्रश्न सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नास अवघे ४५ सेकंद मिळतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. सूनबाईंची तक्रार अशी, की नववी वही संपते न संपते तोच पहिली विस्मरणात जाते. ही तक्रार केवळ त्यांचीच नसावी.

आमच्या मते दोष स्मरणशक्तीचा नाही. वह्या नऊ असल्या तरी मुख एकच आहे, ही गोष्ट उजळणीच्या घाईत नजरेआड होते. शाखा कामाच्या सोयीसाठी पडल्या. रोग काही त्या पाहून येत नाही. म्हणून उजळणी वहीवार न करता मुखवार करावी. प्रत्येक तोंडापुढे तीनच प्रश्न मांडावेत: काय बिघडले, का बिघडले आणि त्यावर कोणी काय करावे? एकत्र कुटुंबात अशी तोंडे शोधण्यास बाहेर जावे लागत नाही.

घरातील सहा वर्षांच्या पुतण्याचेच पाहा. या वयास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना दुधाचा कोणताही दात पडत नाही. त्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेल ती’ म्हणून स्वस्थ बसतात. या एका दाढेत किती शाखा एकत्र येतात! तिच्या खोल खाचा वेळीच बुजविणे हे बालदंतचिकित्सेचे काम. कीड आत शिरल्यावर मूळनलिकेचा उपचार दुसऱ्या शाखेकडे. आणि अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचे जे वर्गीकरण केले, त्याचा पायाच मुळी वरखालच्या या दाढांच्या परस्परसंबंधावर आहे.

कीड का लागते, हेही जिल्ह्यातील उदाहरणाने ध्यानात राहील. आपल्या लोणारच्या सरोवराचे पाणी क्षारधर्मी; त्याचा पीएच सुमारे १० भरतो. तोंडात याच्या उलट घडते. गोड खाल्ल्यावर जंतू आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की दातावरील कठीण कवच विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू मारते; परंतु दर तासाला तोंडात काही टाकणाऱ्यास लाळ तरी कोठवर पुरी पडणार?

घरधन्यांस मधुमेह आहे. मधुमेह हिरड्यांचा रोग वाढवितो आणि हिरड्यांचा जुनाट दाह उलट रक्तातील साखर आवरू देत नाही. पणजीबाईंची खालची कवळी सारखी सुटते, याचा दोष सर्वस्वी करणाऱ्याचा नव्हे. दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा पुष्कळ अधिक झिजते. ही दोन तोंडे पाहिली की आणखी दोन वह्यांतील मर्म डोळ्यांपुढे उभे राहते.

दुसऱ्या दिवशी रात्री पंगतीत हा विषय चालू असता धाकट्या दिरांनी नित्याप्रमाणे आमटी बाजूस सारली. तिखट सोसत नाही, ही त्यांची खोड म्हणून घरात ठरून गेलेली. सूनबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, जेवण झाल्यावर जरा तोंड उघडून दाखवा पाहू. तीन बोटे उभी आत जातात का?” दोनच गेली. गाल आतून पांढुरके पडलेले आणि बोटास दोरीसारखे ताठर पट्टे लागत होते. खिशात सुपारीची पुडी होतीच.

या विकाराचे वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांच्या बाबतीत केले आणि १९५३ साली जोशी या आपल्याकडील वैद्यांनी त्यास ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. मुख्य कारण सुपारी. तंबाखू नसली तरीही. व्यसन सुटले तर रोगाची वाढ पुष्कळ अंशी थांबते, पण आलेला ताठरपणा सहसा आपोआप जात नाही, आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग उद्भवतो. त्याचे निदान एका वहीत, ऊतींतील बदल दुसरीत, शस्त्रक्रिया तिसरीत आणि महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यास असलेली बंदी चौथीत. सूनबाईंस चारही पाने पाठ होती. त्या आम्हांस हळू आवाजात म्हणाल्या, “सहा महिने यांना मीच बिनतिखटाचे वाढते आहे. उत्तर पाठ होते. प्रश्न ताटासमोर बसला होता, तो दिसला नाही.”

दुसऱ्याच दिवशी दिरांस तज्ज्ञांकडे नेण्याचे ठरले. पुडी त्यांनी आपण होऊन वहिनींच्या हाती दिली. ती कायमची सुटते की नाही, हे काळच सांगेल.

वडीलधाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच. घरात अशी परीक्षार्थी सून वा लेक असेल, तर तिला रोज दोन तास कोणी हाक मारू नये. आल्यागेल्याचा चहा दुसऱ्या कोणी करावा. आणि अर्धा तास घरातील एकेकाने तिच्यापुढे तोंड उघडून बसावे. तिची उजळणी होईल. आपलेही काही दडलेले असेल तर वेळीच उघडकीस येईल. तूर्त आज रात्री प्रत्येकाने आपली तीन बोटे उभी तोंडात जातात की नाही, एवढे तरी पाहून ठेवावे.