ठिकाण न लिहिलेली बिल्टी

माल रवाना करताना बिल्टीवर पोहोचण्याचे ठिकाण आणि माल घेणाऱ्याचे नाव असल्यावाचून गाडी सुटत नाही, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. बँकेच्या नोकरीत अशा असंख्य बिल्ट्या माझ्या टेबलावरून गेल्या. म्हणूनच ‘व्हॉयेजर’ यानांविषयी वाचताना पहिला प्रश्न मनात आला तो हाच : ही कोणत्या मुक्कामाला निघाली आहेत?

१९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने ही जुळी याने सोडली. नेमून दिलेले काम गुरू आणि शनी या दोन ग्रहांपुरतेच होते. आज ‘व्हॉयेजर १’ आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येऊनही पृथ्वीवर पोहोचण्यास बावीस तासांहून अधिक काळ लागतो.

माझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की कोणत्याही ताऱ्याचा नेम धरून ही याने सोडलेलीच नाहीत. अखेरच्या भेटीतील ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाने जिकडे वळवले, तिकडे ती जात आहेत. नोव्हेंबर १९८० मध्ये पहिल्या यानाने शनीचा चंद्र टायटन जवळून पाहिला. त्यासाठी पत्करलेल्या मार्गामुळे ते ग्रहांच्या पातळीतून उत्तरेकडे भिरकावले गेले आणि पुढचे ग्रह त्याला कायमचे अंतरले. आता त्याचे तोंड भुजंगधारी तारकासमूहाकडे आहे. दुसऱ्या यानाने १९८६ मध्ये युरेनस व १९८९ मध्ये नेपच्यून पाहिला आणि ते दक्षिणेकडे वळले.

सुमारे ४०,००० वर्षांनी पहिले यान ‘ग्लीझ ४४५’ या ताऱ्याजवळून जाईल. ‘जवळून’ म्हणजे १.६ प्रकाशवर्षे अंतरावरून! एक प्रकाशवर्ष सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटरांचे असते. शिवाय ही भेट यानाच्या वेगामुळे घडते असेही नाही. तो ताराच मुळी आपल्या सूर्याच्या दिशेने सरकत आहे. १९७२ सालचे ‘पायोनियर १०’ आपल्या परिचयाच्या रोहिणी ताऱ्याच्या दिशेने निघाले आहे. तेवढे अंतर तोडण्यास वीस लाखांहून अधिक वर्षे लागतील, आणि ते यान २००३ पासून मुके झाले आहे.

व्हॉयेजरही एक दिवस मुके होणार. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या त्याच्या वीजसंचाने आरंभी सुमारे ४७० वॅट वीज दिली. ती दरवर्षी सुमारे चार वॅटने घटते. ही अशी मुद्दल आहे, जिच्यात नवी भर कधीच पडत नाही. म्हणून पृथ्वीवरील अभियंते एकेक उपकरण बंद करीत उरलेली वीज पुरवून वापरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या यानाच्या संगणकाची स्मृती बिघडली आणि संदेश निरर्थक येऊ लागले. अभियंत्यांनी तेथील आज्ञावली दुसऱ्या जागी हलवून एप्रिल २०२४ मध्ये त्याला पुन्हा बोलते केले. प्रत्येक आज्ञेचे उत्तर येण्यास जवळजवळ दोन दिवस लागत होते. निवृत्तीनंतर शिलकीवर संसार चालवणाऱ्या माझ्यासारख्याला या काटकसरीचे मोल अधिक जाणवते.

यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात पंचावन्न भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत मराठी आहे, गुजराती आणि राजस्थानीही आहे. केरी-गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही तीत आहे. पहिले यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत निवर्तल्या.

बँकेत माल पोहोचल्याचा कागद आला, की आम्ही नोंद बंद करीत असू. या मालाची पोहोच कोणाच्याही हयातीत येणार नाही, हे पाठवणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी तो चोख भरला. त्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी माणसे आज त्याची देखभाल करीत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या घरांना यातील मर्म निराळे उलगडून सांगण्याची गरज नाही.