तंबाखूचं संग्रहालय निपाणीतच हवं

मा. नगराध्यक्ष व सर्व नगरसेवक,
निपाणी नगरपालिका



आपल्या शाळांच्या सहली कोल्हापूरला जातात. नवा राजवाडा, टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय पोरं पाहून येतात. पाहावंच. पण ज्या पिकानं निपाणीला पेठ केलं, त्या तंबाखूचं संग्रहालय निपाणीतच व्हावं, यासाठी हे पत्र.

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. हे आपण विसरलेलो नाही. मात्र हाच माल वखारीत चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या बायकांची आठवण आपण क्वचितच काढतो. ती दुसऱ्यांनी जपली. 'युगांतर' या गटातल्या दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर यांनी १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट केला. या बायकांचं काम आणि त्यांनी बांधलेली संघटना त्यात दिसते. बर्लिनच्या 'आर्सेनाल' संस्थेनं 'युगांतर'च्या फिल्म डिजिटल रूपात जतन केल्या. बर्लिनला ज्याचं मोल कळलं, ते आपल्या मुलांनाही दाखवू या.

संग्रहालयाच्या एका दालनात ही फिल्म रोज चालावी. शेजारी सूप, चाळण, कात्री, पान कापायचा पत्र्याचा साचा असावा. भिजवलेलं तेंदूपान कापून, जर्दा भरून, वळून, दोरा बांधेपर्यंत बोटं काय करतात, ते विडी कामगार बाईनंच मानधन घेऊन दाखवावं. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. मुलांनी तो हिशेबही मांडावा.

दुसरं दालन विज्ञानाचं. शेंडा खुडला की पान जाड का होतं आणि निकोटीन का वाढतं? ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात कसं भिनतं? वखारीतली धूळ फुप्फुसाचं काय करते? शेतीचा भाग निपाणीचं कृषी संशोधन केंद्र समजावू शकेल, आरोग्याचा भाग बेळगावचे डॉक्टर.

कुणी म्हणेल, तंबाखूचं कौतुक कशाला? हे कौतुक नव्हे. जाहिरातीला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण पीक वाईट म्हणून त्यावर राबलेली माणसं पुसून टाकायची नसतात. ग्रीसमधल्या कवाला या बंदरातही तंबाखूचं संग्रहालय आहे.

मागणी तीनच गोष्टींची आहे. वापरात नसलेली एखादी वखार भाड्यानं घ्या. फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा. आणि इमारतीची वाट न पाहता जुन्या कामगार बायकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला लागा. १९८२ साली विशीत असलेल्या बाया आज साठी ओलांडून गेल्या आहेत. वखार दोन वर्षं उशिरा मिळाली तरी चालेल. मुलाखतींना तेवढी सवड नाही.

आपला,
एक निपाणीकर